शेजारच्या चुलीचं आवतन

पावसाळा सरत आला की देगलूरच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या दिसू लागतात. लालसर देठ, बोटं फाकल्यासारखं पान, चावलं तर दात आंबतील अशी चव. ही जुडी मराठी घरात गेली की पानं उकडतात, आंबट पाणी पिळून टाकतात, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात आणि वाढताना वरून लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल ओततात. तेलुगू घरात तिच्याबरोबर सुक्या लाल मिरच्या परतल्या जातात, सगळं मिठासकट वाटलं जातं आणि ती पचडी गरम भातात कालवली जाते. दखनी बोलणाऱ्या मुसलमान घरात अंबाडा मटणात पडतो. मटणाच्या चरबीला त्या आंबटपणाने जी धार येते ती टोमॅटोने येत नाही. उदगीर-देवणीकडच्या कन्नड घरात तिची पुंडीपल्ल्या होते आणि कडक भाकरीबरोबर ती दोन दिवस पुरते. ही चारही घरं एका गल्लीत असू शकतात, बहुतेकदा असतातही. तरी शेजारच्या तीन घरांत या जुडीचं काय होतं हे चौथ्या घराला माहीत नसतं. ज्या बाईने आयुष्यभर अंबाडी रांधली तिला पलीकडची पचडी ‘ते लोक काहीतरी लाल चटणी करतात’ एवढीच ठाऊक असते.

हे पुस्तक त्या माहीत नसण्याचं आहे, आणि ते हळूहळू कमी कसं झालं त्याचं आहे.

मी लातूर जिल्ह्यात वाढले आणि नोकरीनिमित्त नांदेडला आले. अंतर फार नाही. बोली थोडी बदलते, भाकरी तीच राहते. त्यामुळे खाण्यापिण्यात काही नवीन भेटेल असं मला वाटलं नव्हतं. जे भेटलं ते लांबून आलेलं नव्हतं, ते भिंतीपलीकडचं होतं. परदेशी पदार्थाबद्दल माणूस कुतूहलाने विचारतो. शेजारच्या पदार्थाबद्दल मात्र आपण बालपणीच एक समजूत करून घेतलेली असते आणि मग विचारणंच राहून जातं. नांदेड-लातूरच्या जेवणाबद्दल बोलायचं तर आधी या समजुतीबद्दल बोलावं लागतं असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून पाककृतींच्या आधी ही लांबलचक प्रस्तावना.

नकाशाकडे एकदा नीट पाहावं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चाले, बाजार मराठी-तेलुगू-कन्नडात आणि या सगळ्यांच्या मधली बोलणी दखनीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेनुसार राज्यांची फेररचना झाली तेव्हा रेघा इथल्या स्वयंपाकघरांतून गेल्या. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जोडले गेले. किनवट आदिलाबादकडून नांदेडात आलं. मुधोळ नांदेडातून आदिलाबादेत गेलं. देगलूर तालुक्यातला बिचकुंदा-जुक्कलचा भाग निजामाबादकडे गेला. पुढे १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला. कागदावर हे सगळं स्वच्छ आहे. पण मुलीच्या सासर-माहेराला आणि चुलीला राज्याची हद्द कळत नाही. धर्माबादच्या घरात संक्रांतीला सकिनालु होतातच. भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालायचा, त्या पिठाची दोरी बोटांनी वळत वळत धुतलेल्या कापडावर गोल कडी घालायची, थोडी सुकवायची आणि तळायची. ते वळण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असतं आणि चार बायका एका कापडाभोवती बसल्याशिवाय ते काम उरकत नाही. याच भागात सर्वपिंडीही भेटते. तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, मिरची, कढीपत्ता असं एकत्र मळून खोलगट भांड्याच्या आत हाताने थापायचं, मध्ये बोटाने भोकं पाडायची, तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर एका बाजूने खरपूस करायचं. थालीपीठ थापणाऱ्या हाताला ती पहिल्याच दिवशी जमते. ज्वारीच्या जागी तांदूळ आणि तव्याच्या जागी भांडं, एवढाच फरक. पण हा फरक कळायला कुणीतरी आपल्याला त्या चुलीपाशी बसू द्यावं लागतं.

तुरीच्या डाळीचंही असंच. लातूर-उदगीरच्या डाळमिलांतून निघालेली डाळ देशभर जाते आणि निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे वरण खात असतील. वरण खातातच. पण येसराची आमटी खाल्ल्याशिवाय लातूरची डाळ कळत नाही. येसर म्हणजे ज्वारी-बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्यं धने-मिरची-मसाल्यांबरोबर भाजून दळलेलं पीठ. ते डब्यात असलं की अवेळी आलेल्या पाहुण्याची चिंता नसते. डाळीच्या पाण्यात चमचाभर येसर पडलं की आमटीला दाटपणा येतो आणि भाजलेल्या धान्याचा वास घरभर जातो. तेलुगू शेजारणीच्या घरी त्याच डाळीत पालेभाजी शिजून पप्पू होतो. आणि मुसलमान घरच्या लग्नात डाळ दालच्यात जाते. तूर किंवा हरभऱ्याची डाळ, दुधीचे मोठे तुकडे, मटणाची हाडं, चिंचेचा कोळ. सोबत बगारा खाना, म्हणजे खडा मसाला, कांदा, पुदिना-कोथिंबिरीच्या फोडणीवर शिजवलेला पांढरा भात. नांदेडच्या लग्नाच्या मांडवात बिर्याणी असो नसो, बगारा-दालचा असला की पाहुणे समाधानाने उठतात. मला विचाराल तर दालचा हा मराठवाड्याचा सर्वांत नीट विचार केलेला पदार्थ आहे. थोड्या मटणात शेकडो माणसं जेवली पाहिजेत, सगळ्यांच्या भातावर चव पोचली पाहिजे आणि कुणालाही कमी वाढल्यासारखं वाटू नये, हे सगळं त्या एका डेगीत साधलेलं असतं.

सकाळच्या खिचडी-खट्ट्याची ओळख मला शेजारच्या भाभींनी करून दिली. मसुराची पिवळी खिचडी, बाजूला खिमा, पापड आणि वाटीत खट्टा. चिंचेचं पातळ पाणी, त्यात कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेल्या तीळ-शेंगदाण्याची पूड, जिरं, भाजून चुरडलेली लाल मिरची. एवढं भाजून झालं की पुढे चूल लागतच नाही. मी सवयीप्रमाणे तो आमटीसारखा उकळायला निघाले तेव्हा भाभी म्हणाल्या, ‘‘अगे बाई, उसको पकाते नै. कच्चाइच रेना, पतलाइच रेना.’’ खिचडीच्या गरम घासावर तो गार आंबट घोट गेला की उन्हाळ्याची सकाळ सुसह्य होते. हैदराबादेत हा नाश्ता सगळ्यांना माहीत आहे. नांदेडात तो जुन्या शहरात घरोघर होतो आणि नव्या वसाहतींत त्याचं नावही ऐकलेलं नसतं. उलट तहारी मात्र भिंत ओलांडून केव्हाच आली. लातूर-नांदेडच्या मराठी घरांत रात्री कंटाळा आला की बटाटा, वांगं, टोमॅटो घालून मसालेदार तहारी टाकतात आणि ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. सुशीलाही तसाच. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. आपण त्याला मराठवाड्याचा खास नाश्ता म्हणतो. उत्तर कर्नाटकात तो सुसला आहे आणि रायलसीमेत उग्गानी.

नांदेडात राहून गुरुद्वाऱ्याबद्दल न लिहिणं अशक्य आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे आले, गोदावरीकाठी मुक्कामाला होते आणि इथेच त्यांनी देह ठेवला. आजची सचखंडाची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारून घेतली. त्या शतकात पंजाबातून शिखांच्या फौजा निजामाच्या चाकरीत दक्षिणेत आल्या आणि त्यांतली कुटुंबं इथेच राहिली. त्यांना दखनी शीख म्हणतात. यात्रेकरू अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येतात आणि दोन दिवसांनी परत जातात, पण दखनी शिखांना इथे आठ-नऊ पिढ्या झाल्या आहेत. त्यांच्या घरी मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला आहे, दाल-परशादा, म्हणजे डाळ-पोळी, खाल्ला आहे आणि दोन्ही एकाच ताटात खाल्ले आहेत. मराठीत भांडणारं, दखनीत थट्टा करणारं आणि गुरुमुखीत पाठ करणारं हे घर आपल्या ‘पंजाबी जेवण’ या कल्पनेत बसत नाही. हॉटेलातल्या लोणीदार ग्रेव्हीचा या चुलीशी काही संबंध नाही.

लंगराची डाळ सगळ्या नांदेडने कधी ना कधी खाल्लेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबा निधानसिंगांनी इथे लंगराची सेवा सुरू केली आणि त्यांच्या परंपरेतला लंगर साहिब गुरुद्वारा आजही चालतो. तिथे रोज येणाऱ्यांत यात्रेकरू असतात तसे दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले कंधार-मुखेडचे नातेवाईक असतात, परीक्षेला आलेली पोरं असतात, स्टेशनावर गाडीची वाट पाहून थकलेली कुटुंबं असतात. चटईवर ओळीने बसायचं, दोन्ही हात पुढे करून परशादा घ्यायचा, ताटात टाकायचं नाही. बाहेर पडताना कडाह प्रसाद. कणीक, तूप आणि साखर समसमान, दुसरं काही नाही. ना वेलची, ना काजू. तूप हातावर राहतं आणि लोक ते कोपरापर्यंत चोळतात. आपला शिरा खाऊन वाढलेल्या जिभेला पहिल्यांदा कणकेचा तो खमंग कडसरपणा वेगळा लागतो. नंतर शिराच फिका वाटू लागतो.

या लंगरात माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि पुढची सगळी भटकंती तिच्यामागे झाली. तिथे कुणी शेजारच्याला गाव विचारतं, जात विचारत नाही, आणि जिच्या हातची पोळी आपण खातो तिचं नावही आपल्याला माहीत नसतं. एरवी याच जिल्ह्यांत कोण कुणाच्या हातचं खातो याचे नियम इतके पक्के होते की पदार्थ त्या नियमांच्या दिशेनेच प्रवास करत. दिवाळीचा फराळ मुसलमान घरी जाई. ईदला तिकडून शीरखुर्मा येई तो काही घरांत आनंदाने खाल्ला जाई आणि काही घरांत येतच नसे. त्याऐवजी कोरडा शिधा येई, म्हणजे शेवया, साखर, खोबरं, खारीक वेगवेगळं बांधून. देणाऱ्याला घेणाऱ्याची अडचण ठाऊक असे आणि तो ती न बोलता सांभाळे. त्यात माया होती, हे खरं. पण शिध्यातून शीरखुर्म्याची चव कळत नाही. दलित वस्तीच्या बाबतीत तर शिधाही उलट येत नसे. तिकडे शिळं जाई, तिकडून काही येत नसे. गावजेवणात वेगळी पंगत, शेवटची पंगत, हे सांगणारी माणसं आजही हयात आहेत. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, तेव्हा त्यांत चुली-भांडीही जळाली.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या मांग-महार घरांच्या खाण्याबद्दल एवढं सविस्तर, एवढं सरळ कुणी लिहिलं नव्हतं. चान्या, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवलेले तुकडे. रक्ती, वजडी. तेल-मसाला परवडत नसताना चव कशी काढायची याचं सगळं शास्त्र त्यात आहे. जेवणापूर्वी म्हणायच्या श्लोकाला त्या पुस्तकाच्या नावाने दिलेलं उत्तर माझ्या पिढीला आवश्यक होतं. माझ्या गावात हे पदार्थ होत होते, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होत होते आणि मला ते छापील पुस्तकातून कळले. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि बैलाचं मांसही बंद झालं. म्हणजे ज्या सुमारास या खाण्याची नोंद झाली त्याच सुमारास त्यातला मोठा भाग करताच येईनासा झाला. त्यानंतर या घरांतल्या आज्यांकडे पदार्थ विचारायला गेलं की त्या आधी आपल्याला नीट न्याहाळतात, मग ठरवतात किती सांगायचं. मला त्यांचं हे न्याहाळणं रास्त वाटतं.

नियम होते तसे ते मोडण्याच्या जागाही इथल्याच होत्या. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे निलंग्याच्या सीमेपलीकडच्या आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी दासोह सांगितला. कष्टाने मिळवलेलं वाटून खायचं आणि वाटताना आपण देतो आहोत असा ताठा ठेवायचा नाही. लातूर जिल्ह्यातल्या लिंगायत मठांत दासोहाच्या पंगती आजही बसतात. गव्हाची हुग्गी, भात, सार, शेंगदाण्याची चटणी. गुरू ग्रंथसाहिबात ज्यांची पदं आहेत ते नामदेव आपल्या हिंगोलीच्या नरसीचे, हे सांगताना नांदेडच्या शिखांचे डोळे चमकतात. आणि कंदुरी, म्हणजे पिराच्या नवसाचं बकऱ्याचं जेवण. मराठवाड्यातल्या पिराला नवस बोलणारी माणसं पुष्कळदा हिंदू असतात. बकरं मुलाणी कापतो, कारण पिराला हलाल लागतं. मलिदा, म्हणजे पोळी कुस्करून गूळ-तुपात मळलेला नैवेद्य, दर्ग्यात जातो आणि बाहेर झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर रस्सा शिजतो. आवतन साऱ्या गावाला. मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान एका रानात भाकरी कुस्करतात. घरात जे चालत नाही ते पिराच्या झाडाखाली चालतं, असं कंधारकडच्या एका म्हाताऱ्या मामांनी मला सांगितलं. त्यांना त्यात काहीच विसंगत वाटत नव्हतं. मोहरमचे चोंगेही असेच गावभर फिरतात. गूळ घालून केलेली जाड गोड पोळी, वरून ठसे उमटवलेली. सवारीपुढे नाचणाऱ्यांत निम्मी पोरं हिंदू, आणि चोंग्याला हात लांब करताना कुणी कुणाला अडवत नाही.

आता येळवस. लातूरच्या माणसाला या सणाबद्दल थोडक्यात लिहायला सांगू नये.

मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळ अमावस्या, बोलीत येळवस. लातूर-धाराशिवचा आणि सीमेपलीकडच्या बीदर-कलबुर्गीचा हा सण उरलेल्या महाराष्ट्राला जवळजवळ माहीत नाही. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, दुकानांची शटरं खाली येतात आणि सगळी माणसं शेताकडे जातात. तयारी आदल्या दिवशी सुरू होते. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, वालाचे आणि भुईमुगाचे ओले दाणे सोलत घरातल्या सगळ्यांची नखं हिरवी होतात. मेथी, पालक, चुका, चंदनबटवा, कांद्याची पात, गाजर निवडून ठेवायचं. रात्री मोठ्या पातेल्यात हे सगळं शिजतं, त्यात हिरवी मिरची-लसणाचं वाटण, आंबटपणाला चिंच किंवा ताक, दाटपणाला बेसन. ही भज्जी. हिचा आणि तळलेल्या भज्यांचा काही संबंध नाही. नवखा माणूस नावावरून फसतो आणि ताटात हिरवं दाट कालवण पाहून गोंधळतो. पहिल्या घासाला भाज्यांचा गोंधळ वाटतो. मग तूर वेगळी लागते, चुका वेगळा लागतो, कोवळ्या हरभऱ्याचा गोडवा शेवटी येतो. त्या आठवड्यात रानात जे जे उभं आहे ते सगळं त्या पातेल्यात आहे.

सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आंबट भात. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, गार झालं की त्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण-जिरं घालून मातीच्या बिंदगीत भरायचं. बिंदगी डोक्यावर घेऊन शेतात जायचं. तिथे कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव मांडलेले असतात. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची आणि मोठ्याने घोष करायचा. त्या घोषातले शब्द अर्धे कन्नड आहेत, म्हणणाऱ्याला अर्थ माहीत नसतो आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही. मग मातीच्या बोळक्यात दूध उतू घालतात. ते ज्या दिशेला उतू जाईल त्यावरून म्हातारे येत्या हंगामाचं बोलतात. संध्याकाळी पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात.

पण येळवसचं खरं वैशिष्ट्य आवतनात आहे. ज्याला शेत नाही त्याने त्या दिवशी ज्याला शेत आहे त्याच्याकडे जेवायचं, असा रिवाज. सालगडी, शहरातले नोकरदार, घरमालकाचे भाडेकरू, मुलाचे मास्तर, गिरणीवाला, वाटेने जाणारा अनोळखी माणूस, सगळ्यांना हाक. शेत असलेली कित्येक मुसलमान घरंही हा सण करतात. एका दिवसात तीन-चार शेतांत जेवावं लागतं, आणि प्रत्येक भज्जी वेगळी. कुणाची चुक्याकडे झुकलेली, कुणाची बेसनाकडे, कुणाच्या भज्जीत बोरं. लातूरला बदली होऊन आलेल्या माणसाला या जिल्ह्यात सामावून घेण्याचं काम जितकं येळवस करते तितकं दुसरं काही करत नाही. येळवसला बोलावलं गेलात तर नाही म्हणू नका, आणि शेतात गेलात तर आंबील दुसऱ्यांदा मागा. वाढणाऱ्या बाईला त्याने जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

तांड्यावरची चूल या सगळ्यांपासून जरा दूर. किनवट, मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरच्या माळांवर बंजारा तांडे आहेत. गावापासून वेगळे वसलेले, त्यामुळे त्यांचं खाणं गावात फारसं आलंच नाही. त्यांची बाटी म्हणजे भाकरी, राजस्थानी गोळा नव्हे. बकरं कापलं की सळोई होते. रक्त आणि आतले बारीक अवयव कांद्या-मिरचीवर परतलेले, आणि हा पहिला मान. सणाला गव्हाचं पीठ आणि गुळाचं गोड गळवाणी. सळोईबद्दल बिगर-बंजारा माणसं जे तोंड करतात ते मी तांड्यावरच्या पोरांसमोर होताना पाहिलं आहे. ही पोरं पुढे लातूरला शिकायला येतात आणि घरी काय खातो हे मेसमध्ये सांगत नाहीत.

लातूरच्या मेसचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून मुलं इथे येतात आणि गल्लोगल्ली मेस चालतात. तिथे सगळ्यांसाठी एकच भाजी असते, पातळ, कुणालाच न दुखावणारी. इतक्या ठिकाणची मुलं एका छताखाली जेवतात आणि एकमेकांचं काहीच खात नाहीत. रविवारी घरून डबे येतात तेव्हा मात्र खोलीत खरी पंगत बसते. करडईची चटणी, धपाटे, शेंगपोळी, कुणाच्या आईचा खिमा. एका खोलीत सेलूचा, देगलूरचा, माहूरचा मुलगा असेल तर त्या रविवारी तीन स्वयंपाकघरं भेटतात. मला त्या डब्यांकडून फार आशा आहे.

जे पदार्थ नाहीसे होत आहेत त्यांचं कारण बहुतेक वेळा शेतात सापडतं. एके काळी ज्वारीच्या पिकात मध्येमध्ये अंबाडी, तीळ, मूग, कारळ्याच्या ओळी असत आणि रब्बीच्या शेताच्या कडेला करडई असे. तिच्या काट्यांनी जनावरं आत येत नसत. अंबाडीची पानं भाजीला, बी चटणीला, खोडाचा वाख दोराला. आता खरिपात बहुतेक रानांत सोयाबीनच उभं असतं. त्यात अंबाडी-तिळाच्या ओळी पेरता येत नाहीत, कारण तणनाशक त्या जाळतं. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हातात रोकड दिली, हे नाकारून चालणार नाही. पण सोयाबीन घरात शिजत नाही. येळवसची भज्जी करायला आता लातूरकर भाज्या विकत आणतात आणि कोप बांधायला कडबा शोधत हिंडतात. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन जगलेल्या बायका ही गोष्ट ज्या नजरेने पाहतात ती नजर आपल्याकडे नाही. त्यांनी रानातून गेलेलं अन्न एकदा पाहिलेलं आहे.

पुढच्या पानांत पाककृती आहेत, पण त्या चमचे-कपांत मोजलेल्या नाहीत. ज्यांनी सांगितल्या त्यांनी ओंजळ, मूठ, चिमूट, बिंदगी अशाच मापांनी सांगितल्या. ती मापं मी ठेवली आहेत आणि शेजारी ग्रॅम दिले आहेत. घरांची नावं दिलेली नाहीत, कारण काही घरांना आपण काय खातो हे शेजाऱ्यांनी वाचावं असं वाटत नाही, आणि ज्या कारणासाठी वाटत नाही ते कारण अजून गेलेलं नाही. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे. भाभींचा खट्टा दखनीतच सांगितला आहे, तो मराठीत आणताना उगाच शिस्तीचा होत होता. मांसाहारी आणि शाकाहारी असे दोन भाग करावेत असं काहींनी सुचवलं. मी ते केलं नाही. अंबाडीच्या चारही कृती सलग छापल्या आहेत, मटणातली मधोमध. ज्यांना नको असेल त्यांनी ते पान उलटावं, पण उलटताना ते पान तिथे आहे हे दिसावं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर आंबिलीपासून करा. ज्वारी ताजी दळलेली घ्या, मोंढ्यातून आणली असेल तर पीठ चाखून कडवट नाही ना ते पाहा. रात्री ताकात भिजवा, सकाळी पाणी उकळून त्यात ते पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा, गाठी होऊ देऊ नका. गार झाल्यावरच लसूण घाला. एकट्यासाठी करू नका, कमी प्रमाणात ती नीट आंबत नाही.